पट्टा राजमान्य, वस्ताद बेदखल

१९ फेब्रुवारी २०२४ रोजी, शिवजयंतीच्या मुहूर्तावर, महाराष्ट्र शासनाने दांडपट्ट्याला राज्यशस्त्राचा मान जाहीर केला. शेकरू हा राज्यप्राणी, हरियाल हा राज्यपक्षी, ताम्हण हे राज्यफूल. त्यांच्या पंक्तीत आता पट्टा जाऊन बसला आहे. निर्णय स्वागतार्ह होता आणि त्याचे स्वागत झालेही. मात्र शेकरू आणि पट्टा यांत एक मूलभूत भेद आहे. शेकरूला भीमाशंकरच्या जंगलात मोकळे सोडले की ते आपले आपण जगते. पट्टा तसा जगत नाही. काचेच्या पेटीत ठेवलेला पट्टा हे केवळ लोखंड असते. त्याचे प्राण तो चालविणाऱ्या हातात असतात, आणि तो हात वस्तादाने घडविलेला असतो. शासनाने शस्त्राला मान दिला. हात घडविणाऱ्याची आठवण मात्र त्या उत्सवात फारशी कोणाला झाली नाही.

परिणाम समोर आहेत. उन्हाळी सुटी लागली की शहराशहरांतून ‘शिवकालीन युद्धकला’ शिबिरांचे फलक लागतात. दहा दिवसांत लाठी, पंधरा दिवसांत पट्टा, शेवटच्या दिवशी भगवा फेटा, छायाचित्र आणि प्रमाणपत्र. शिकविणारा तरुण उत्साही असतो, त्याची निष्ठाही खरी असते. पण त्याला कोणी शिकविले, हा प्रश्न ना आयोजक विचारतात ना पालक. शिकवणीच्या वर्गाला मूल घालताना शिक्षकाची पदवी, अनुभव, मागच्या वर्षीचा निकाल यांची कसून चौकशी करणारे घर, मुलाच्या हातात काठी देणाऱ्याची एका शब्दानेही चौकशी करीत नाही. ही बेफिकिरी येते कोठून? शस्त्रविद्या म्हणजे अंगमेहनतीचा प्रकार, तिथे विद्या म्हणून काही नसतेच, अशी सुशिक्षित वर्गाची एक छुपी समजूत आहे. तिचाच हा परिपाक.

ज्यांना आपण अशिक्षित म्हणतो त्यांना हे कळत होते. आजही कुस्तीच्या मैदानात निवेदक मल्लाची ओळख करून देतो तेव्हा मल्लाचे नाव, त्याचे गाव आणि लगोलग तो कोणत्या वस्तादांचा पठ्ठा, कोणत्या तालमीचा, हे सांगितल्याशिवाय पुढे जात नाही. हजारोंचा समुदाय ते नाव ऐकतो आणि समजून जातो, की आता ढाक पाहायला मिळणार की घिस्सा. वस्तादाचे नाव ही तिथे केवळ आदराची बाब नसते. ती माहिती असते. गाण्याच्या मैफलीत घराणे सांगावे, तसेच ते आहे. ज्या महाराष्ट्राला गवयाचे घराणे विचारण्याची सवय आहे, त्याने पट्टेकऱ्याचे घराणे विचारू नये हे नवल होय.

परंपरेने नेमके मिळते काय, हे पट्ट्यावरूनच पाहावे. पट्ट्याचे पाते लांब, सरळ आणि लवचिक. मूठ मात्र तलवारीसारखी नव्हे. कोपराच्या जवळपर्यंत हात झाकणारे लोखंडी आवरण, त्याच्या आत आडवी दांडी, आणि ती मुठीत धरायची. अशा बंदिस्त हातात मनगट वळत नाही. म्हणजे तलवारीचा सगळा डौल ज्या मनगटावर चालतो, ते मनगटच पट्टेकऱ्याला उपलब्ध नसते. फिरवायचे ते खांद्याने, कमरेने आणि पावलांनी. हे वाक्य कोणालाही वाचता येते. पण खांदा किती सैल सोडायचा, पाऊल पडण्यापूर्वी कंबर वळायची की नंतर, पाते परत येताना स्वतःच्या पोटरीपासून किती अंतरावरून जाते, हे वाचून येत नाही. मागे उभा राहिलेला वस्ताद खांद्यावर दोन बोटे टेकवतो आणि म्हणतो, ‘इथून.’ त्या दोन बोटांना तिथे नेमके टेकायला कोणीतरी शिकविलेले असते, आणि त्यालाही कोणीतरी.

पुस्तके नव्हती असे नाही. बडोद्याहून प्रसिद्ध झालेला द. चिं. मजुमदार यांचा दहा खंडांचा ‘व्यायाम ज्ञानकोश’ हे मराठी भाषेचे भूषण आहे. भारतीय व्यायामाची आणि शस्त्रांच्या हातांची एवढी तपशीलवार नोंद अन्य भारतीय भाषांत क्वचितच असेल. मात्र ज्या बडोद्यात तो ग्रंथ सिद्ध झाला, त्या बडोद्याची व्यायामपरंपरा ग्रंथाने उभी केलेली नव्हती. ती आखाड्यांनी उभी केली होती. प्रा. माणिकराव हे नाव एकेकाळी महाराष्ट्र-गुजरातेत घरोघरी ठाऊक होते. त्यांच्या संस्थेचे नाव पाहावे: ‘जुम्मादादा व्यायाम मंदिर’. जुम्मादादा हे माणिकरावांचे गुरू. शिष्य कीर्तीच्या शिखरावर असताना दारावरची पाटी गुरूच्या नावाची होती, आणि ती तशीच राहिली. आज संचालकाचे नाव, छायाचित्र आणि भ्रमणध्वनी एवढ्यांनी फलक भरून जातो. गुरूसाठी जागा उरत नाही.

केरळात परंपरेला केवळ नावाची नव्हे, तर वास्तूतच जागा असते. कळरीपयट्टूचा आखाडा जमिनीच्या पातळीखाली खणलेला असतो. परंपरेने त्याचे माप बेचाळीस फूट लांब आणि एकवीस फूट रुंद. नैर्ऋत्य कोपऱ्यात सात पायऱ्यांची ‘पूत्तरा’, आणि वेगळी ‘गुरुत्तरा’. म्हणजे त्या कळरीतील होऊन गेलेल्या गुरूंचे पीठ. शिष्य उजवा पाय आत ठेवतो, जमिनीला स्पर्श करतो, या स्थानांना वंदन करतो आणि मग अंगाला तेल लावतो. हा नुसता धार्मिक सोपस्कार आहे, असे म्हणणाऱ्यांनी तेथील शिक्षणक्रम पाहावा. प्रथम शरीर घडविणारे ‘मेय्यपयट्टू’, पुढे लाकडी आयुधे, मग धातूची, नंतर रिकाम्या हाताने लढणे, आणि मर्मांचे ज्ञान अखेरीस, तेही पारख झालेल्या शिष्यालाच. मर्म म्हणजे जिथे आघात केला असता माणूस कोसळतो आणि जिथे योग्य उपचार केला असता सावरतो, असे स्थान. एकच ज्ञान मारण्याचेही आणि वाचविण्याचेही, म्हणून कळरीचा गुरुक्कळ हा बहुधा वैद्यही असतो. ही क्रमवारी छापील अभ्यासक्रमाने राखली जात नाही. ती ‘वायत्तारी’ने, म्हणजे गुरूच्या मुखातून लयीत येणाऱ्या आज्ञांनी राखली जाते, आणि त्या आज्ञा गुरूच्या गुरूकडून आलेल्या असतात.

ही परंपरा अखंड चालत आली असेही नाही. तुटता तुटता वाचली आहे. १८०५ मध्ये पळश्शी राजा धारातीर्थी पडल्यावर इंग्रजांनी मलबारात शस्त्रे बाळगण्यावर कडक निर्बंध आणले. कळऱ्या ओस पडल्या. अशा काळात कोट्टक्कल कणारन गुरुक्कळ (१८५०–१९३५) यांनी निरनिराळ्या जाणकारांकडे जाऊन त्यांच्याजवळ जे उरले होते ते मिळविले. त्यांचे शिष्य सी. व्ही. नारायणन नायर अवघे एकोणचाळीस वर्षांचे आयुष्य लाभूनही ती विद्या गावोगावच्या प्रयोगांतून लोकांसमोर आणू शकले. ‘सीव्हीएन कळरी’ हे आज जगभर माहीत असलेले नाव त्यांचेच. कणारन गुरुक्कळांनी वार्धक्यात योग्य शिष्य निवडला नसता, तर आज कळरीचे बरेचसे वैभव संग्रहालयात असते. १९३५ आणि १९४४ या दोन मृत्यूंमध्ये जेमतेम नऊ वर्षांचे अंतर आहे, हे ध्यानात घेतले म्हणजे अशा विद्या किती बारीक धाग्यावर लटकत असतात ते कळते.

वडकऱ्याच्या मीनाक्षी अम्मांची गोष्टही याच संदर्भात पाहावी. सातव्या वर्षी कळरीत उतरलेली ही मुलगी पुढे आपल्या गुरूंचीच, राघवन गुरुक्कळांची, सहधर्मचारिणी झाली आणि त्यांच्या पश्चात कळरीची गुरू झाली. २०१७ मध्ये तिला पद्मश्री मिळाली. त्यांच्या कळरीत ठरलेले शुल्क नाही. शिष्य देतील ती दक्षिणा. परंपरा म्हणजे स्त्रियांना बंद दरवाजा, असे ठामपणे सांगणाऱ्या विद्वानांनी एकदा उत्तर मलबारात जाऊन यावे.

परंपरेवरचा सर्वांत मोठा आक्षेप येतो तो हाच: दरवाजाचा. गुरुपरंपरा म्हणजे जातीची मक्तेदारी, घराण्याची तिजोरी, विद्या चितेवर घेऊन जाणाऱ्या हट्टी म्हाताऱ्यांची कथा, असे म्हटले जाते. या आक्षेपात तथ्य मुळीच नाही असे म्हणता येणार नाही. शेवटचे दोन हात शिष्याला न देता गेलेले वस्ताद होऊन गेले आहेत आणि त्यांनी समाजाचे नुकसान केले आहे. पण मक्तेदारी आणि परंपरा यांना एकाच मापाने मोजणाऱ्यांना लहुजी वस्ताद साळवे यांचे काय करायचे ते सांगता येत नाही.

लहुजींचा जन्म १७९४ चा, पुरंदरच्या परिसरातील मातंग कुटुंबातला. वडील राघोजी १८१७ च्या खडकीच्या लढाईत इंग्रजांशी लढताना पडले. मराठी राज्य बुडाले, सैन्ये विखुरली, पण लहुजींनी पुण्याच्या गंज पेठेत तालीम चालविली आणि घरात आलेली विद्या येणाऱ्याला दिली. जोतिराव फुले तेथे दांडपट्टा आणि नेमबाजी शिकले. जोतिरावांनी ते शिष्यत्व स्वतः सांगितलेले आहे. वासुदेव बळवंत फडके यांचेही नाव त्यांच्या शिष्यांत घेतले जाते. ज्या काळात मातंगाची सावली टाळली जात होती, त्या काळात त्याच पुण्यात एका मातंग वस्तादासमोर माळ्याचा मुलगा आणि ब्राह्मणाचा मुलगा वाकून उभे राहत होते. १८८१ मध्ये लहुजी गेले. संगमवाडीला त्यांची समाधी आहे. हा वंश रक्ताचा नव्हता, विद्येचा होता. परंपरा म्हणजे जात, हे समीकरण मांडणाऱ्यांनी याचे उत्तर द्यावे.

आणि आणखी एक खंत इथेच नोंदवायला हवी. जिवा महालाचे नाव मराठी मुलखात कोणाला ठाऊक नाही? ‘होता जिवा म्हणून वाचला शिवा’ ही म्हण शाळकरी मुलेही सांगतात. पण १६५९ मध्ये प्रतापगडाच्या पायथ्याशी जो हात क्षणार्धात चालला, तो कोणाच्या तालमीत घडला होता, हे आपल्याला सांगता येत नाही. वीरांची नावे आपण जपली, त्यांच्या वस्तादांची हरवली.

दुसरा आक्षेप असा, की परंपरा म्हणजे साचलेले पाणी. नवे काही करायचे तर ती झुगारावी लागते. यासाठी हटकून जपानचा दाखला दिला जातो: पाहा, जिगोरो कानो यांनी जुने जुजुत्सु बाजूला सारून आधुनिक ज्युदो निर्माण केला आणि १९६४ मध्ये तो ऑलिम्पिकपर्यंत पोहोचला! दाखला उत्तम आहे. फक्त तो आक्षेपकांच्या विरुद्ध जातो. कानो यांनी १८७७ च्या सुमारास फुकुदा हाचिनोसुके यांच्याकडे तेन्जिन शिन्यो परंपरेचे शिक्षण सुरू केले. एक पेच कसा लागतो असे विचारल्यावर फुकुदांनी स्पष्टीकरण न देता त्यांना पुन्हा पुन्हा आपटले, ही आठवण प्रसिद्धच आहे. १८७९ मध्ये फुकुदा वारले तेव्हा परंपरेची हस्तलिखिते त्यांच्या घरच्यांनी या तरुण शिष्याच्या स्वाधीन केली. मग इसो यांच्याकडे, पुढे कितो परंपरेच्या इइकुबो यांच्याकडे. १८८२ मध्ये कोदोकान सुरू केल्यानंतरही त्यांचे इइकुबोंकडे शिकणे चालूच होते. कानो यांनी जे बदलले ते आधी पूर्णपणे घेतले होते म्हणून बदलू शकले. काय टाकायचे हे कळायला काय होते ते माहीत असावे लागते. आणि गंमत पाहा, ज्या काळ्या पट्ट्यासाठी आज आपल्याकडची मुले धावतात, तो पट्टाही कोदोकानचाच. तिथे त्याचा अर्थ केवळ ‘आता हा शिकायला लागला’ एवढाच होता. आपल्याकडे तो शिक्षण संपल्याची खूण झाला, आणि काही ठिकाणी तर शुल्काची पावती.

आपल्याकडचेच मल्लखांबाचे उदाहरण घ्यावे. बाराव्या शतकातील ‘मानसोल्लास’ या चालुक्य राजा सोमेश्वराच्या ग्रंथात मल्लांच्या खांबावरील व्यायामाचा उल्लेख सापडतो. पण मधल्या शतकांत ही विद्या झाकोळली. दुसऱ्या बाजीरावाच्या पदरचे बाळंभटदादा देवधर यांनी तिला नवे रूप दिले. वणीच्या सप्तशृंगी देवीचा कौल, निजामाच्या मल्लांचे आव्हान या कथा परंपरेने सांगितल्या जातात. त्यांतील किती इतिहास आणि किती भक्ती, हा वेगळा विषय. महत्त्वाचे हे, की १८१८ नंतर पेशवाई ब्रह्मावर्तास गेली तरी विद्या बुडाली नाही. बाळंभटदादांकडून ती दामोदरगुरू मोघे यांच्याकडे आली आणि पुढे शिष्यप्रशिष्यांच्या हातून मराठी मुलखात पसरली. १९२५ मध्ये पु. ल. काळे गुरुजींनी दादरला स्थापन केलेल्या श्री समर्थ व्यायाम मंदिरासारख्या संस्थांनी ती सर्वांना खुली केली. फेब्रुवारी २०१९ मध्ये शिवाजी पार्कवर पहिली जागतिक मल्लखांब स्पर्धा झाली. २०२४ मध्ये त्याच संस्थेचे उदय देशपांडे यांना पद्मश्री मिळाली. दोनशे वर्षांत राज्ये आली आणि गेली. ज्या विद्येच्या मागे नावानिशी सांगता येणारी माणसे होती, ती खांबावरून उतरली नाही.

आता घरचे दुखणे. परंपरेचा अभिमान बाळगणाऱ्यांपैकीच काही जण खोट्या परंपरा विकतात, याबद्दल मौन पाळून चालणार नाही. ‘बोधिधर्माने कळरी चीनला नेली, तीच शाओलिनची कुंग फू’ हे वाक्य आपल्या व्यासपीठांवरून इतक्या वेळा उच्चारले गेले आहे, की त्यावर शंका घेणे म्हणजे राष्ट्रद्रोह वाटावा. वस्तुस्थिती काय आहे? शाओलिन विहारातील इ. स. ७२८ चा शिलालेख तेथील भिक्षूंनी तांग घराण्याला युद्धात साहाय्य केल्याचे सांगतो. ती विद्या बोधिधर्माने दिली असे त्यात नाही. ज्या व्यायामग्रंथाच्या आधारे ही कथा रचली गेली, तो ग्रंथ सतराव्या शतकातला असून त्याला बोधिधर्माचे नाव मागाहून चिकटविले आहे. तांग हाओ या चिनी संशोधकाने विसाव्या शतकाच्या पूर्वार्धातच ते दाखवून दिले. शिवाय बोधिधर्म पाचव्या-सहाव्या शतकातला. कळरीचे आजचे रूप अभ्यासक अकराव्या-बाराव्या शतकाच्या मागे सहसा नेत नाहीत. ज्या कळरीपाशी कणारन गुरुक्कळांसारखा खराखुरा माणूस आहे, तिला उसन्या पूर्वजाची गरज काय? बोधिधर्माची थोरवी ध्यानमार्गात आहे आणि ती तेथे निर्विवाद आहे. त्याच्या हातात काठी देण्याचे कारण नाही.

आपल्या गावातील ‘शिवकालीन’ या शब्दाचेही तसेच झाले आहे. १८७८ च्या शस्त्रकायद्यानंतर शस्त्रे घरांतून गेली आणि मर्दानी खेळ मिरवणुकांत आणि तालमींत उरले. कोल्हापूरसारख्या संस्थानी गावांनी, तेथील पेठापेठांच्या तालमींनी, लाठी, विटा, बोथाटी, फरी-गदगा आणि पट्टा जिवंत ठेवला. जे टिकले त्याचे मोल अपार आहे. मात्र त्यातील प्रत्येक हात जसाच्या तसा महाराजांच्या मावळ्यांचा, असे छातीठोकपणे सांगणारा प्रशिक्षक आपल्या वस्तादाच्या वस्तादाचे नाव विचारले की गडबडतो. खरा वस्ताद असा गडबडत नाही. तो सांगतो, ‘आमच्या वस्तादांनी एवढे दिले, त्यांना अमक्यांनी दिले, त्यापलीकडचे आम्हांला माहीत नाही.’ त्या कबुलीत जी विश्वासार्हता आहे, ती साडेतीनशे वर्षांच्या फलकात नाही. आणि सायंकाळी दूरदर्शन संचावर अथवा भ्रमणध्वनीवर पाहिलेली हालचाल सकाळी मुलांना शिकवून तिला महाराजांचे नाव लावणे, ही महाराजांची सेवा खचितच नव्हे.

हा विषय नुसत्या अभिमानाचा असता तर एवढा खल करण्याचे कारण नव्हते. प्रश्न मुलांच्या गुडघ्यांचा, खांद्यांचा आणि डोळ्यांचा आहे. परंपरेत शिकलेला वस्ताद आठवड्यांमागून आठवडे नुसते पवित्रे करून घेतो; काठी हाती देत नाही. कंटाळलेली मुले निघून जातात, त्यांना तो जाऊ देतो. दहा दिवसांच्या शिबिराला हे परवडत नाही, कारण समारोपाला पाहुणे येणार असतात. मग पाय घडण्याआधी काठी फिरते, आणि शेजारच्या मुलाच्या भुवईला लागते. शिवाय कोणाला शिकवायचे नाही, हा निर्णय घेणारा कोणी उरत नाही. तापट मुलाला वर्षभर झाडलोट करायला लावणारा वस्ताद क्रूर नव्हता. तो पाहत होता.

केंद्र शासनाने कळरीपयट्टू, गतका, थांग-ता आणि मल्लखांब यांचा समावेश खेलो इंडिया युवा स्पर्धांत केला आणि २०२२ च्या जूनमध्ये हरियाणात त्या झाल्या. देशी विद्यांना मैदान मिळाले, शिष्यवृत्त्या मिळू लागल्या, ही चांगली गोष्ट. मात्र गुणांकन आले की जे गुण मिळवून देते तेच शिकविले जाते. उंच उडी राहते, मर्मचिकित्सा गळते. हे टाळायचे तर स्पर्धेच्या बरोबरीने वस्तादांची नोंद हवी. महाराष्ट्रात अद्याप हयात असलेल्या जुन्या वस्तादांकडे जाऊन त्यांचे हात, त्यांचे बोल, त्यांच्या गुरूंची नावे टिपून घेण्याचे काम शासनाने राज्यशस्त्र जाहीर केले त्याच दिवशी हाती घ्यायला हवे होते. विद्यापीठांनाही ते करता येईल. इतिहासाच्या एका पदव्युत्तर वर्गाला एका उन्हाळ्यात एक जिल्हा पुरा होईल. हे म्हातारे वाट पाहत थांबणार नाहीत.

पालकांना तर शासनाची वाट पाहण्याचे कारणच नाही. शिबिराच्या प्रवेशअर्जात मुलाचे नाव, इयत्ता, रक्तगट, पालकांचा भ्रमणध्वनी असे सारे रकाने असतात. प्रशिक्षकाच्या वस्तादाचे नाव आणि त्यांच्याकडे किती वर्षे शिक्षण घेतले, असा एक रकाना आयोजकांकडून भरून मागावा. तो कोरा परत आला, तर मुलाला त्या सुटीत पोहायला पाठवावे.